धुराड्यातल्या धुराचा हिशेब



गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचा डोंगर दिसतो.
रस काढून उरलेला हा उसाचा भुसा.
हातात घेतला तर ओलसर, हलका.
तोच बॉयलरमध्ये जळतो.
त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, वीजही तयार होते.

धूर निघतोच.
पण त्यातला कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो.
पुढचा ऊस तो पुन्हा घेतो.
कोळशाचे तसे नाही.
त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता.

मग असा कारखाना कार्बन-तटस्थ झाला का?
म्हणजे, जेवढा कार्बन हवेत सोडला, तेवढा परत काढून घेतला का?
लगेच हो म्हणू नका.
ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे डिझेल मोजा.
शेतात पडलेला युरिया मोजा.

आधी मोजायचे.
मग कमी करायचे.
जे उरेल, त्याचीच भरपाई करायची.
नुसती झाडे लावून सुरुवात करणे मला उलटे वाटते.

तुमची पिठाची गिरणी असो, बेकरी असो, आधी मोजा.
या महिन्याचे वीजबिल आणि इंधनाच्या पावत्या आजच एका वहीत उतरवून ठेवा.