मेरी लिंकनची न घेतलेली साक्ष



अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, हा आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. साहजिक आहे. बड्या घरच्या बायकांच्या गोष्टी आपण कशाला वाचायच्या? खरं सांगायचं तर या प्रकारातली बरीच पुस्तकं मलाही सोसवत नाहीत. थोर नवरा, त्याच्या पाठीशी खंबीर उभी असलेली बायको, पानोपानी झालरींचे झगे. आयर्विंग स्टोननं अशा बायकांवर तीन जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. १९५१ मध्ये रेचल जॅक्सनवर, १९५४ मध्ये मेरी लिंकनवर, १९६५ मध्ये ॲबिगेल ॲडम्सवर. माहिती त्यानं कष्टानं जमवली आहे, पण बाईचं आयुष्य म्हणजे तिचं लग्न, हे त्यानं गृहीतच धरलेलं आहे. मेरीवरच्या कादंबरीचं नाव तर तिच्या लग्नाच्या अंगठीत कोरलेले शब्दच आहेत: 'लव्ह इज इटर्नल'.

पण मेरीची गोष्ट लग्नापाशी संपत नाही. १४ एप्रिल १८६५ ला नाटकगृहात तिच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला गोळी घातली गेली. चार मुलांपैकी तीन गेली. एडी १८५० मध्ये, विली १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्येच, आणि टॅड १८७१ मध्ये. उरला थोरला रॉबर्ट. तो वकील होता. १८७५ च्या मे महिन्यात त्यानं शिकागोच्या कोर्टात अर्ज केला, की माझ्या आईला वेड लागलं आहे.

१९ मे ला तिला हॉटेलातून थेट कोर्टात नेलं. समोर ज्युरी. बारा पुरुष, बायकांना ज्युरीत बसायचा हक्कच नव्हता. डॉक्टर, हॉटेलातली माणसं, दुकानदार साक्षीला आले. स्वतःचं घर नसताना ही पडद्यांच्या जोड्या विकत घेते. ५० हजार डॉलरहून जास्त किमतीचे रोखे परकरात शिवून अंगावर बाळगते. कुणीतरी विष घालतंय म्हणते. तिच्या बाजूनं वकील होता, पण त्यानं एकही साक्षीदार उभा केला नाही. ती स्वतः बोलली नाही. ज्युरीनं थोड्याच वेळात तिला वेडी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिची रवानगी बटेव्हिया गावच्या 'बेलव्ह्यू प्लेस' नावाच्या खाजगी रुग्णालयात झाली.

आणि हा म्हणे सुधारलेला कायदा! त्याआधी इलिनॉय राज्यात नवऱ्याला बायकोला सुनावणीशिवाय वेड्यांच्या इस्पितळात टाकता येत होतं. एलिझाबेथ पॅकार्डला १८६० मध्ये तिच्या पाद्री नवऱ्यानं असंच टाकलं होतं, धर्माबाबत त्याच्याशी मतभेद झाले म्हणून. तीन वर्षांनी ती सुटली आणि झगडली. १८६७ मध्ये ज्युरीसमोर सुनावणीचा हक्क मिळाला तो तिच्यामुळे. मेरीला सुनावणी मिळाली ती याच कायद्यानं. ऐकून मात्र कुणी घेतलं नाही.

ते काम एका कादंबरीनं केलं. जॅनिस कुक न्यूमनची 'मेरी' २००६ मध्ये आली. रुग्णालयात बसून मेरी स्वतःच आपली कहाणी लिहिते आहे, अशी तिची रचना. तोवर मेरीचं जे चित्र लोकांच्या मनात होतं, त्याचे रंग बरेचसे लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्न्डन यानं भरलेले, आणि त्याचं तिच्याशी कधीच पटलं नव्हतं. रुग्णालयातल्या काळातली तिची काही पत्रं वर्षानुवर्षं बेपत्ता होती. त्यांच्या प्रती २००५ मध्ये एका संशोधकाच्या हाती लागल्या, पुस्तक २००७ मध्ये निघालं. म्हणजे लेखिका लिहीत होती तेव्हा जगासमोर या ठिकाणी मोकळी जागाच होती.

मला ही कादंबरी आवडते ती तिनं मेरीला देवी केलं नाही म्हणून. मेरी उधळी होती, संतापी होती, मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांच्या नादी लागलेली होती. झोपेसाठी क्लोरल घेत होती. ती आजारीही असेल. पण आजारी बाईलाही आपली बाजू मांडायचा हक्क असतो की नाही? आपल्याकडे केस येते तेव्हा सासरचे कागद पुढे करतात. 'जास्त बोलते', 'पैसे उडवते', 'रात्री जागते'. मग आपण घाईघाईनं सांगू लागतो, की नाही हो, बाई अगदी शहाणी आहे. जणू शहाणी नसती तर सगळं रास्तच होतं!

मेरीला सोडवायला धावून आली मायरा ब्रॅडवेल. कायद्याचं साप्ताहिक काढणारी ही बाई. विवाहित स्त्री म्हणून तिला वकिलीची सनद नाकारली गेली होती आणि १८७३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं होतं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं वर्तमानपत्रांतून गाजावाजा केला. सप्टेंबर १८७५ मध्ये मेरी बहिणीच्या घरी गेली, जून १८७६ मध्ये कोर्टानं तिला शहाणी ठरवलं. लगेच तिनं मुलाला पत्र लिहून आपल्या वस्तू परत मागितल्या. आई-मुलाच्या गळाभेटीचा प्रसंग रंगवायला जागाच नाही, ते बरंच आहे.

आणखी एका पुस्तकाबद्दल बोलते. जेनिफर शियाव्हेरिनीची 'मिसेस लिंकन्स ड्रेसमेकर', २०१३ ची. ही मेरीचे झगे शिवणाऱ्या एलिझाबेथ केकलीची गोष्ट. केकली जन्मानं गुलाम. शिवणकामाच्या गिऱ्हाइकांकडून उसने पैसे घेऊन तिनं १८५५ मध्ये १२०० डॉलरला स्वतःला आणि मुलाला सोडवलं, आणि ते पैसे शिवणकाम करून फेडले. तो एकुलता एक मुलगा १८६१ मध्ये यादवी युद्धात मारला गेला. पुढच्याच वर्षी विली गेला. दोघी आया. पण कादंबरी वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की केकलीचे डोळे घेतले आहेत ते मुख्यतः लिंकन पतिपत्नींकडे बघायला. तिच्या स्वतःच्या घरात आपण फार थोडा वेळ असतो. खऱ्या केकलीनं १८६८ मध्ये आत्मकथन लिहिलं, त्यात मेरीची खाजगी पत्रं छापली गेली आणि मैत्री तुटली. १९०७ मध्ये ती वॉशिंग्टनमध्ये निराधार बायकांच्या आश्रमात वारली. मेरीला तिच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं होतं. १८७५ च्या त्या कोर्टात तिलाही कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं.