बडोद्याची ग्रंथमाला आणि विद्यापीठाचा छापखाना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पहाडगंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा बडोद्याच्या ग्रंथप्रकाशनाचा विषय मी घेतला. संशोधकाचा अधिकार मजजवळ नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तीस वर्षे टिपणे लिहिण्यात व दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारण्यात गेली. परंतु त्या सेवेतील काही वर्षे बडोद्यास काढण्याचा योग आला. तेथील विद्यापीठाच्या ग्रंथांचा नाद लागला, तो दिल्लीस परतल्यावरही सुटलेला नाही. शिवाय विषय आपल्याला अगदीच परका नव्हे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने ग्रंथ काढावेत ते कोणत्या भाषेत, आणि काढलेले ग्रंथ पुढे सांभाळावेत ते कोणी, हे प्रश्न बडोद्यास फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाले होते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, त्या वेळी त्याला अक्षरओळखही नव्हती. सयाजीराव महाराजांची ही हकीगत आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिचा पुढचा भाग मात्र थोड्यांच्या ध्यानात असतो. १८८१ मध्ये राज्यकारभार हाती आल्यावर या राजाने ग्रंथप्रकाशनाचा विचार एकट्या ग्रंथापासून सुरू केला नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू झाला. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास पाचारण करून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविण्यात आली. महाराजांनी आपला खासगी संग्रह त्यात घातला. खेड्यापाड्यांतून वाचनालये निघाली आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. आधी वाचक घडविला, मग त्याच्यापर्यंत जाणारी वाट बांधली आणि त्यानंतर ग्रंथमालांना हात घातला. आमच्या सरकारी योजनांत हा क्रम बहुधा उलटा असतो, एवढे अनुभवाने सांगतो.

राज्यातील बहुसंख्य प्रजा गुजराती. मराठी मंडळी मूठभर होती. दरबार, लष्कर, कचेऱ्या आणि शिक्षणखाते यांच्या आश्रयाने राहणारी. राजा मराठी असूनही कारभाराची भाषा गुजराती ठेवण्यात आली. १९१२ साली महाराजांनी दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढला, तोही गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील ग्रंथांसाठी. त्यातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला निघाली.

मराठी ग्रंथांना बडोद्याचा आश्रय याच्याही आधीपासून होता. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांच्या सेवेत दाखल झाले. मॅकियाव्हेलीच्या ‘प्रिन्स’चे आणि सीलीच्या इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांनी केले, ते त्याच सेवेत असताना. धर्मानंद कोसंबींची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. मूळचे गोव्याचे हे गृहस्थ पाली विद्येसाठी सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथा घालून कलकत्त्यास अध्यापन करीत होते. महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाकाठी एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहून द्यावा आणि दरमहा पन्नास रुपये घ्यावेत, असे महाराजांनी त्यांना कळविले. कलकत्ता विद्यापीठातील याहून कितीतरी अधिक वेतनाची जागा सोडून कोसंबींनी हे पन्नास रुपये स्वीकारले. १९१० मध्ये बडोद्यास दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक सिद्ध झाले. बौद्ध धर्माविषयी मराठी वाचकाला जे मूळ पालीवरून कळू लागले, त्याच्या प्रारंभी हे पन्नास रुपये आहेत.

आता संस्कृत ग्रंथमालेकडे वळू. बडोदे राज्यात पाटण हे गाव येते. सिद्धराज आणि कुमारपाल यांची ही राजधानी, हेमचंद्राचार्यांची कर्मभूमी. तेथील जैन भांडारांत ताडपत्रांवरील आणि कागदावरील हजारो पोथ्या शतकानुशतके कापडात बांधून पेट्यांत ठेवलेल्या होत्या. महाराजांच्या आज्ञेवरून चिमणलाल डाह्याभाई दलाल यांनी त्या उघडून तपासल्या. त्या पाहणीतून ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ जन्मास आली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा तिचा पहिला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. प्रकाशक म्हणून नाव होते राज्याच्या ग्रंथालयांचे अधिकारी जनार्दन सखाराम कुडाळकर यांचे. दलाल १९१८ मध्येच निवर्तले. त्यांनी केलेल्या टिपणांवरून पाटणच्या पोथ्यांची वर्णनात्मक सूची लालचंद्र गांधी यांनी पुरी केली आणि ती १९३७ मध्ये छापून निघाली. माणूस गेल्यावर एकोणीस वर्षांनी त्याची टिपणे छापणारे कार्यालय मी माझ्या सेवाकाळात पाहिलेले नाही.

या मालेतील एकाच ग्रंथाची कुळकथा सांगतो. आठव्या शतकातील नालंदेचा बौद्ध पंडित शांतरक्षित याने ‘तत्त्वसंग्रह’ रचला आणि त्याचा शिष्य कमलशील याने त्यावर पंजिका लिहिली. शांतरक्षित पुढे तिबेटात गेला आणि तेथेच देह ठेवला. हिंदुस्थानात बौद्धांचे मठ ओस पडले. पण मूळ संस्कृत ग्रंथ टिकला, तो जैनांच्या भांडारांत! प्रतिपक्षाचे म्हणणे नीट समजून घेतल्याखेरीज खंडन करू नये, ही त्या आचार्यांची शिस्त. म्हणून त्यांनी प्रतिपक्षाची पोथीही जपली. १९२६ मध्ये हा ग्रंथ मराठी राजाच्या खर्चाने गुजरातेत प्रसिद्ध झाला. संपादक दाक्षिणात्य पंडित एंबार कृष्णमाचार्य आणि मालेचे प्रमुख संपादक बिनयतोष भट्टाचार्य हे बंगाली. दिल्लीत राष्ट्रीय एकात्मतेवर पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत. त्या मानाने हे मुखपृष्ठ मला अधिक पटते.

परंतु आपणां मराठी मंडळींना विशेष जवळचा वाटावा असा ग्रंथ दुसराच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. राज्य कसे मिळवावे आणि कसे राखावे, येथपासून हत्तींची परीक्षा, रत्ने, चित्रकला, मल्लविद्या, मासेमारी, गायन, इतकेच नव्हे तर राजाच्या ताटात काय काय वाढावे, येथपर्यंत सर्व त्यात आहे. आपले मांडे त्यात आहेत, पोळी आहे, वडे आहेत. इडलीचे आणि डोशाचे पूर्वजही आहेत. हा वाद आपल्या दाक्षिणात्य शेजाऱ्यांशी घालताना कामास येईल! संगीताच्या प्रकरणात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांच्या दीडशे वर्षे आधी आपल्या आयाबायांच्या ओठी ओवी होती, याचा याहून भक्कम पुरावा कोणता हवा? जाणत्या मंडळींना हस्तलिखितांवरून हा उल्लेख ठाऊक होता. परंतु शुद्ध केलेला छापील पाठ कोणाही वाचकाच्या हाती पडला, तो बडोद्यामुळे. संपादक होते गजानन श्रीगोंदेकर. पहिला खंड १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये निघाला.

ही तीन साले पुन्हा एकवार पाहावीत. पहिला खंड निघाला तेव्हा महाराज हयात होते. दुसरा निघाला त्याच वर्षी, १९३९ मध्ये, ते निवर्तले. तिसऱ्याच्या वेळी ना राजा होता, ना राज्य. भरताच्या नाट्यशास्त्राचेही तसेच. अभिनवगुप्ताच्या टीकेसह रामकृष्ण कवींनी त्याचे संपादन आरंभिले. त्याचे चार खंड १९२६, १९३४, १९५४ आणि १९६४ या वर्षी प्रसिद्ध झाले. शेवटचा खंड निघेपर्यंत स्वतः कवीही राहिले नव्हते.

हे कसे साधले? १९२७ मध्ये प्राच्यविद्यामंदिर ही स्वतंत्र संस्था झाली होती. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच सुमारास महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. श्रीमती हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. प्राच्यविद्यामंदिर आपल्या पोथ्यांसह आणि अर्धवट राहिलेल्या खंडांसह विद्यापीठाच्या स्वाधीन झाले. संस्थाने विलीन झाली तेव्हा कितीतरी दरबारी खाती हवेत विरून गेली. या खात्याला नवा धनी वेळेवर मिळाला, म्हणून ते जगले.

आरंभीची छपाई मुंबईच्या छापखान्यांत होत असे. विद्यापीठाच्या काळात ग्रंथांच्या अखेरीस बडोद्याच्याच विद्यापीठ मुद्रणालयाचे नाव येऊ लागले. कंसात ‘साधना प्रेस’ असे जुने नाव असे आणि पत्ता राजवाड्याच्या दरवाज्याजवळचा, पॅलेस रोडचा. या मुद्रणालयाच्या वाट्यास आलेले सर्वांत अवघड काम म्हणजे वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती. नेपाळी, मैथिली, बंगाली, शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील हस्तलिखिते जमवावयाची, श्लोकाश्लोकाने ताडून पाहावयाची आणि जो पाठ सर्वांत जुना ठरेल तो वर मोठ्या टाइपात देऊन बाकीचे पाठभेद खाली बारीक टाइपात नोंदवावयाचे. वर दोन ओळी आणि खाली वीस ओळी पाठभेद, अशीही पाने त्यात आहेत. हे सारे खिळे जुळारी हाताने एकेक उचलून लावीत होते. एक आकडा चुकला तर काश्मीरची पोथी केरळची होऊन बसायची. सात कांडे १९६० ते १९७५ या पंधरा वर्षांत पूर्ण झाली. त्यांपैकी अयोध्याकांड आणि युद्धकांड यांचे संपादन डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतातही त्यांचा मोठा वाटा होता. संपादकांची नावे आपण घेतो. जुळाऱ्यांची नावे कोठेच छापलेली नाहीत, आणि त्यांच्याच हाताखालून ती सर्व नावे गेली!

एका कोशाचा उल्लेख केल्याखेरीज माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला पुढे जाववत नाही. १९३१ मध्ये बडोद्यास ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्द घेऊन त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात दिलेले आहेत. केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेचा स्थायी आयोग नेमला, तो १९६१ साली. त्याच्या तीस वर्षे आधी एका संस्थानाने हे काम हातावेगळे केले होते. आमच्या खात्यात एखाद्या शब्दासाठी आजही समिती बसते. अशा वेळी तो जाडजूड ग्रंथ माझ्या डोळ्यांपुढे येतो.

पुढे चौथ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, विद्यापीठीय शिक्षणाचे ग्रंथ प्रादेशिक भाषांत व्हावेत म्हणून केंद्राने राज्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. गुजरातेत ग्रंथनिर्माण बोर्ड निघाले, आपल्याकडे नागपुरास महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले. पैसा होता, विद्वानही होते. महाविद्यालयांतील वर्ग मात्र, विशेषतः शास्त्रशाखांचे, इंग्रजीतच राहिले. वाचक आधी घडविण्याचा बडोद्याचा क्रम येथे कोणाला आठवला नाही, असे माझे मत आहे.

आता थोडे कटू बोलतो. संस्कृत ग्रंथमाला विद्यापीठाने चालविली, कारण संस्कृतचा अभ्यासक जगभर आहे. गुजराती ग्रंथांना भोवती समाज होता. बडोद्याच्या मराठी ग्रंथांना यांपैकी काहीच लाभले नाही. संस्थान गेले, १९६० मध्ये भाषावार राज्ये झाली आणि तो ओघ आटला. यात कोणी अन्याय केला असे मला म्हणावयाचे नाही. गुजरातेतील विद्यापीठाने गुजराती ग्रंथ काढावेत हे योग्यच झाले. परंतु पुण्यामुंबईच्या वाचकाला ते ग्रंथ बडोद्याचे म्हणून दूरचे, आणि बडोद्याच्या नव्या पिढीला मराठी म्हणून दूरचे, अशी त्यांची अवस्था झाली. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलने बडोद्यास भरली. संमेलन तीन दिवसांत उठते. अलीकडे महाराष्ट्र शासनाच्या समितीने सयाजीरावांची चरित्रसाधने, त्यांची पत्रे आणि भाषणे खंडाखंडाने प्रसिद्ध केली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. पण त्यांनी काढविलेली जुनी मराठी पुस्तके जेथे पडली आहेत, तेथेच आहेत.

ती कोठे पडली आहेत, याचे एक उत्तर याच इमारतीत आहे. मंडळाच्या वाचनालयाच्या मागच्या दोन कपाटांत साहित्यमालेची आणि बालज्ञानमालेची नऊ पुस्तके मला सापडली. सेवानिवृत्त होऊन गावी परतलेल्या किंवा दिवंगत झालेल्या सभासदांच्या घरून ती आलेली दिसतात; दोहोंवर बडोद्याच्या शाळेचे शिक्के आहेत. आपले बहुतेक सभासद आता नोएडा, गुडगाव, द्वारका येथे राहतात. पहाडगंजच्या वाचनालयात संध्याकाळी चार माणसे येत नाहीत, आणि ती खोली लग्नकार्यास द्यावी असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. मंडळाला पैसा हवा, हे मी नाकारीत नाही. खोली द्यावयाचीच ठरली तर तीही द्यावी. माझी सूचना इतकीच आहे की कपाटे हलविण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाची यादी व्हावी आणि ही नऊ पुस्तके रद्दीच्या ढिगात न जाता, त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत बडोद्यास आणि एक पुण्यास पाठवावी. यादीचे काम मी हाती घेतले आहे. दर शनिवारी सायंकाळी पाच ते सात मी वाचनालयात असतो. आपल्या घरी, माळ्यावर किंवा आजोबांच्या ट्रंकेत बडोद्याचे नाव छापलेले एखादे मराठी पुस्तक असेल तर कृपया आणून दाखवावे. मुखपृष्ठ गेलेले असले तरी चालेल. दाखवून परत घरी न्यावयाचे असल्यास त्यालाही माझी हरकत नाही; मला फक्त नाव, साल आणि पृष्ठसंख्या उतरून घ्यावयाची आहे.