रक्तवाहिनीतला खवटपणा

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "कोलेस्टेरॉल सगळ्यांच्याच रक्तात असतं, मग ते कुणाकुणाच्याच शिरेत का साचतं?" तेव्हा आम्हाला नीट सांगता आलं नाही. आज सांगतो.

कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. एलडीएल नावाच्या बारीक गोळ्यांतून ते रक्तात फिरतं. त्याला आत घ्यायला पेशीवर दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ही दारं शहाणी. पेशीचं पोट भरलं की ती कमी होतात. हे शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकेतल्या डॉक्टरांना १९८५ साली नोबेल मिळालं.

घोटाळा पुढे आहे. डब्यात पडून राहिलेलं शेंगदाण्याचं कूट जसं खवट होतं, तसं रक्तवाहिनीच्या अस्तराखाली अडकलेलं एलडीएल खवट होतं. (खवट तेल खाल्लं म्हणून नव्हे हं, हा खवटपणा आतच तयार होतो.) या खवट मालासाठी अस्तराच्या पेशींवर वेगळंच दार असतं. १९९७ मध्ये जपानच्या तात्सुया सावामुरा आणि सहकाऱ्यांनी ते गायीच्या रक्तवाहिनीच्या पेशींत शोधलं. नाव लॉक्स-वन.

निरोगी अस्तरावर ही दारं थोडी. बीपी, साखर चढलेली राहिली की वाढतात, आणि खवट एलडीएल स्वतःच आणखी दारं उघडायला लावतं. मग वाहिनीला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू कमी पडतो, अस्तर चिकट होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटून आत शिरतात आणि खवट माल खातच राहतात, कारण त्यांची दारं पोट भरलं तरी मिटत नाहीत. फुगलेल्या पेशींचा थर साचतो. एक दिवस तो फुटतो, गुठळी होते, हार्ट अटॅक येतो.

खवटपणा थांबेल या आशेने व्हिटॅमिन ई च्या गोळ्या मोठ्या अभ्यासांत दिल्या गेल्या, पण अटॅक कमी झाले नाहीत. तेव्हा तसल्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. एलडीएल, बीपी आणि साखर आटोक्यात ठेवणं, मिश्री सोडणं, याचाच उपयोग होतो.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून दोन महिने बंद होती, हे आम्हाला नंतर कळलं. डॉक्टरांना दाखवून ती त्यांनी पुन्हा सुरू केली आहे. गुरुवारी त्या उपकेंद्रात बीपी मोजायला जाणार आहेत, शेजारच्या दोघींना घेऊन.