न गंजणारी मोटार

मुंबईहून गोव्याकडे निघालेला महामार्ग पेण ओलांडून पुढें गेला कीं वडखळ लागतें, आणि येथूनच अलिबागचा फांटा फुटतो. गांव लहान; परंतु लोखंडाची घडण आणि लोखंडाचा क्षय हे दोन्ही प्रकार जेथें शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात अशीं ठिकाणें महाराष्ट्रांत थोडीं, त्यांपैकीं हें एक आहे. जवळच डोलवी येथें पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. खाडीच्या वाटेनें आलेलें खनिज तेथें वितळतें आणि पत्र्याचीं अवजड भेंडोळीं होऊन बाहेर पडतें. त्याच धरमतरच्या खाडीवरून आणि आसपासच्या खारजमिनींवरून वाहणारा खारा, दमट वारा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींचा पत्रा हळूहळू खात असतो. त्यांत भर पडते ती कोंकणच्या धुवांधार पावसाची.

अशा मुलखांत मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या मनांत एक साधा प्रश्न उद्भवल्यावांचून राहत नाहीं. स्वयंपाकघरांतील स्टीलचें पातेलें रोज पाण्यांत बुडतें, मीठ आणि चिंच सोसतें, आणि वीस वर्षांनंतरही लखलखीत असतें. मग कैक लाख रुपये मोजून घेतलेल्या मोटारीचा पत्रा थोड्याच पावसाळ्यांत दाराच्या खालच्या कडेला कां फुगावा? जें पातेल्याला साधतें तें मोटारीला कां साधूं नये?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं गंज म्हणजे काय हें ध्यानीं घेतलें पाहिजे. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं कीं गंज उत्पन्न होतो. पाण्यांत मीठ असेल तर त्यांतून विद्युत्प्रवाह सुलभतेनें वाहतो आणि ही क्रिया पुष्कळच वेगानें घडते. शिवाय गंज हा सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. तो आपल्याखालच्या धातूचें रक्षण करीत नाहीं; उलट ओल धरून ठेवतो आणि फुगून वरचा रंग उचलतो. म्हणून रंगावर दिसणारा लहानसा फोड हा बहुधा रोगाचा आरंभ नसतो; रोग आंत पुष्कळ पसरलेला असतो. मडगार्डाच्या आंत साचलेला चिखल, दाराच्या तळाशीं असलेलीं व मातीनें बुजलेलीं पाणी निघून जाण्याचीं छिद्रें, पायांखालच्या ओल्या चटईखालचा पत्रा, हीं गंजाचीं माहेरघरें होत.

हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. पूर्वींच्या मोटारींना खालीं स्वतंत्र सांगाडा असे आणि वरची पेटी त्यावर नुसती बसविलेली असे. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पत्र्याची पेटी हाच सांगाडा असतो. दाराखालची पोकळ पट्टी, छताचे खांब आणि तळाचा पत्रा यांवरच टक्कर झाली असतां आंतील मुलामाणसांचें रक्षण अवलंबून असतें. तीं आंतून पोखरलीं गेलीं तर बाहेरचा चकचकीत रंग कोणाच्या उपयोगीं पडणार?

आतां स्टेनलेस स्टीलकडे वळावें. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून पोलादाचे निरनिराळे प्रकार करून पाहत होते. त्यांत क्रोमियमचें प्रमाण अधिक असलेलें एक पोलाद सहजासहजीं गंजत नाहीं असें त्यांस आढळलें. आज शेंकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक क्रोमियम असलेल्या पोलादास स्टेनलेस म्हणतात. भांड्यांवर १८/८ असा जो छाप असतो त्याचा अर्थ शेंकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकल असा आहे. या क्रोमियमचा प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो. तसे हजारों पापुद्रे एकावर एक ठेवले तरी केसाची जाडी भरावयाची नाहीं, इतका तो पातळ असतो. परंतु ओरखडा पडला तर हवा लागतांच तो आपोआप भरून येतो. उडालेला रंग परत येत नाहीं, हा पापुद्रा परत येतो. स्टेनलेसचें सारें रहस्य येवढेंच आहे.

या गुणाचा खरा लाभ उठविला तो रेल्वेनें. अमेरिकेंतील बड कंपनीनें स्टेनलेस पत्रा विजेच्या क्षणिक झटक्यानें सांधण्याची युक्ति काढली आणि झेफिर नांवाची आगगाडी बांधली. २६ मे १९३४ रोजीं ती डेन्व्हरहून शिकागोपर्यंत तेरा तास पांच मिनिटांत धांवली. भारतांत जर्मनींतील लिंके-हॉफमान-बुश कंपनीच्या पद्धतीचे स्टेनलेस डबे २००० सालाच्या सुमारास आले. पेरांबूरच्या कारखान्याचे जुने डबे स्टेनलेस नसलेल्या पोलादाचे असत; त्यांचा संडासाजवळचा तळ आणि दारांजवळचा भाग प्रथम कुजे. जानेवारी २०१८ मध्यें तेथें जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा तयार झाला. पेण आणि रोहें यांवरून कोंकणांत उतरणाऱ्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांना आज नवे स्टेनलेस डबे जोडलेले असतात. तीस वर्षांहून अधिक काळ समुद्राचा वारा आणि कोंकणचा पाऊस त्यांनीं सोसावा अशी अपेक्षा आहे.

मोटारीच्या बाबतींत असा प्रयत्न झालाच नाहीं असें नाहीं. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें अलेगेनी लडलम या पोलाद कंपनीच्या सहकार्यानें १९३६ सालीं स्टेनलेस पत्र्याच्या सहा मोटारी तयार केल्या. पुढें १९६० सालीं दोन आणि १९६६ सालीं तीन. तीस वर्षांत एकूण अकरा! त्यांतील कांहीं गाड्या आजही सुस्थितींत आहेत. तथापि बाजारांत विकावयाची गाडी कांहीं त्यांतून निघाली नाहीं.

याचीं कारणें पाहण्यासारखीं आहेत. पहिलें कारण किंमतीचें. निकल आणि क्रोमियम महाग असल्यामुळें १८/८ जातीचा पत्रा साध्या पत्र्याच्या तिपटी-चौपटीनें पडतो. दुसरें कारण घडणीचें. आगगाडीच्या डब्याच्या बाजू सरळ असतात. मोटारीला मात्र पावलोपावलीं वळणें असतात, आणि तीं साच्यांत दाबून काढावीं लागतात. हें पोलाद दाबावें तसतसें अधिक कठीण होत जातें आणि दाब काढतांच मागें उसळूं पाहतें. १९६० सालच्या मोटारींचा पत्रा दाबतांना साचे खराब झाले असें सांगतात. हाच गुण टक्करीच्या वेळीं उपकारक ठरतो हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे, कारण चेपतांना कठीण होणारा धातु आघाताची शक्ति पुष्कळ शोषून घेतो.

तिसरें कारण दुरुस्तीचें. साध्या मोटारीला पोचा आला तर गॅरेजमधला कारागीर पत्रा ठोकून सरळ करतो, उरलेला खळगा लांबी भरून घासतो आणि वर रंग मारतो. बिनरंगाच्या स्टेनलेस पत्र्यावर लांबी लपत नाहीं. पोचा मुळाबरहुकूम काढावा लागतो, नाहीं तर सबंध पत्राच बदलावा लागतो. असा कारागीर तालुक्याच्या गांवीं सहजासहजीं मिळावयाचा नाहीं.

चौथें कारण वडखळसारख्या ठिकाणीं सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच लोकांस ठाऊक नसतें. स्टेनलेसचा पापुद्रा मिठापुढें अभेद्य नाहीं. मिठांतील क्लोराइड त्याला बारीक बारीक ठिकाणीं भेदतें आणि सुईनें टोंचल्यासारखे खड्डे पाडतें. जेथें दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या फटींत हा विकार अधिक होतो. समुद्रकांठच्या स्टीलच्या कठड्यांवर चहाच्या डागासारखे तांबूस डाग श्रोत्यांनीं पाहिले असतील, ते याचेच. पातेलें रोज घासलें जातें म्हणून तें वांचतें. मोटारीच्या तळाला रोज कोण घासतो? यावर उपाय म्हणून शेंकडा दोनतीन भाग मॉलिब्डेनम घातलेली उंची जात आहे, पण ती आणखी महाग. शिवाय स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साध्या लोखंडाचा लहान स्क्रू लावला आणि वर खारें पाणी पडलें तर स्टेनलेस जसेंच्या तसें राहतें आणि बिचारा स्क्रू अधिकच वेगानें झिजतो.

डिलोरियन या गाडीची कथा येथें बोधप्रद आहे. १९८१ पासून सुमारें दोन वर्षें उत्तर आयर्लंडमध्यें अशा कांहीं हजार गाड्या तयार झाल्या. बाहेरचा पत्रा बिनरंगाचा स्टेनलेस, आंतली पेटी कांचतंतूंची, पण सर्वांचा भार वाहणारा खालचा सांगाडा मात्र लेप दिलेल्या साध्या पोलादाचा. जेथें तो लेप निघाला तेथें सांगाडा गंजला आणि वरचें कवच मात्र चमकत राहिलें. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेंत ग्राहकांच्या हातीं आलेल्या टेस्ला कंपनीच्या सायबरट्रकनें हा प्रयोग पुन्हां केला. तिचे सपाट पृष्ठभाग व धारदार कोन हे बरेचसें त्या कठीण पत्र्याचेंच फळ आहे.

मग साध्या गृहस्थानें काय करावें? याचें उत्तर पुन्हां स्वयंपाकघरांतच सांपडतें. स्टीलचीं भांडीं येण्यापूर्वीं घरोघरीं पितळेचीं पातेलीं होतीं आणि त्यांना कल्हई करीत. धातु साधा, त्यावर दुसऱ्या धातूचा पातळ लेप, आणि वेळच्या वेळीं निगा. ही ती पद्धत. आजच्या मोटारींत हेंच तत्त्व निराळ्या रूपानें नांदत आहे. पोलादी पत्र्यावर जस्त चढवितात. जस्ताचा विशेष असा कीं लेपाला ओरखडा पडला तरी तें स्वतः आधीं झिजतें आणि शेजारच्या लोखंडाला वांचवितें. त्यावर सबंध पेटी रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें कोनाकोपऱ्यांत रंग बसवितात. हा पत्रा स्टेनलेसइतका चिरंजीव नव्हे, पण त्याची किंमत आंवाक्यांतली असते आणि दुरुस्ती गांवांतल्या गांवांत होते. खाजगी मोटारीची नोंदणीही आपल्याकडे मुळांत पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं ती वाढते. जिचें इंजिन वीस वर्षांत थकावयाचें, तिला पन्नास वर्षें टिकणारें कवच घालण्यांत शहाणपण थोडें.

एस. टी.ची गोष्ट मात्र निराळी. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर पहिली गाडी धांवली तेव्हांपासून ही गाडी गोरगरिबांचें वाहन आहे. पुष्कळ वर्षें तिची पेटी ॲल्युमिनियमची असे. अपघातांत उतारूंना अधिक संरक्षण मिळावें म्हणून २०१८ च्या सुमारास महामंडळानें पोलादी पेटीचा अवलंब केला. निर्णय योग्य; परंतु पोलाद आलें कीं गंजही आला. पेण, रोहें, अलिबाग यांसारख्या आगारांच्या गाड्या दिवसभर खाऱ्या वाऱ्यांत धांवतात. त्यांच्या तळाचे व पायऱ्यांजवळचे भाग तरी स्टेनलेसचे करावे कीं काय, याचा विचार होण्यासारखा आहे. आकार सरळ, धांव लांब आणि प्रवासी पुष्कळ. आगगाडीच्या डब्याला लागू पडणारीं बहुतेक कारणें येथेंही लागू पडतात.

तात्पर्य, आयुष्य मोठें आणि आकार साधा असेल तेथें स्टेनलेसला महत्त्व. घरगुती मोटारीला जस्ताचा लेप आणि मालकाची निगा पुरेशी आहे. नवी गाडी घेतांना पत्र्याच्या कोणकोणत्या भागांवर जस्त चढविलें आहे हें विक्रेत्यास विचारावें. जुनी घेतांना पायांखालची चटई उचलून तळ पाहावा. पावसाळा संपतांच गोड्या पाण्यानें गाडीचा तळ धुवावा, दारांच्या तळाचीं छिद्रें काडीनें मोकळीं करावीं, आणि रंगाचा टवका उडाला तर दिवाळीची वाट न पाहतां त्याच आठवड्यांत तो भरून घ्यावा. खाडीकांठच्या घरीं एवढी शिस्त पाळली तर साध्या पत्र्याची मोटारही आपलें आयुष्य सुखानें पुरें करते, आणि आंत बसणारीं माणसें निर्धास्त राहतात.