पानाचा मंद उजेड मोजणारे थंड यंत्र



पिकाने माना टाकल्या की पाण्याचा ताण आपल्या लक्षात येतो. परंतु तोपर्यंत पानातील अन्न तयार करण्याचे काम मंदावून उत्पादनाला फटका बसलेला असतो. हा ताण आधी ओळखण्याची एक पद्धत आज समजून घेऊ.

हरितद्रव्य जो प्रकाश शोषते, त्यापैकी सुमारे १ ते २ टक्के प्रकाश पान तांबड्या रंगात परत सोडते. यालाच फ्लुरोसन्स म्हणतात. तो ६८५ व ७४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो. ताणामुळे त्यात फरक पडतो आणि पुष्कळदा हा फरक पान सुकण्यापूर्वीच दिसतो. उन्हात मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारे वर्णपटमापक वापरतात.

यातील संवेदक उष्णतेमुळे अंधारातही खोटा संकेत देतो. भर पावसात उघडे भांडे ठेवून एका ड्रिपरचे पाणी मोजावे, तशी ही गत होते. संवेदकाचे तापमान दर ६ ते ७ अंश सेल्सिअसने उतरवले, की खोटा संकेत जवळपास निम्मा होतो. ३५ अंशांवरून उणे १० अंशांवर आणल्यास तो सुमारे शंभराव्या हिश्शावर येतो. लहान यंत्रात हे काम विजेवर चालणारी पेल्टिअर चकती करते. बर्फ लागत नाही.

मोजणी करताना पुढील काळजी घ्यावी :

१) संवेदकाचे तापमान स्थिर झाल्यावरच मोजणी सुरू करावी.
२) प्रथम झाकण लावून अंधारातील नोंद घ्यावी व ती प्रत्येक नोंदीतून वजा करावी.
३) निरभ्र आकाशात, रोज ठरावीक वेळी मोजावे.
४) पुरेसे पाणी दिलेल्या पट्ट्याशी तुलना करावी.

ताण पाण्याचा, अन्नद्रव्याचा, उष्णतेचा की रोगाचा, हे केवळ या आकड्यावरून ठरत नाही. म्हणून आकडा बदलला की मुळांजवळची माती उकरून ओल पाहावी, पाने उलटून तपासावीत आणि मगच पाणी, खत किंवा फवारणीचा निर्णय घ्यावा.

हे यंत्र महाग असून मुख्यतः संशोधनासाठी आहे. ते स्वतः विकत घेण्याची गरज नाही. पानाचा केवळ हिरवेपणा मोजणारी साधी उपकरणे वेगळी आहेत. कोणी 'पिकाचा ताण दाखवणारे' यंत्र विकावयास आणल्यास ते नेमके काय मोजते, हे आधी विचारावे व कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.