औषधामागील मुळी, ससा आणि मासा
(वार्षिक सभेतील निवेदन)



जमाखर्चाचे आकडे अहवालात छापलेच आहेत. ते येथे वाचून दाखवीत नाही. काही देणगीदारांनी देणगीपत्रावर अट लिहिली आहे, की ही रक्कम मुक्या प्राण्यांवरील प्रयोगांसाठी वापरू नये. ही अट पाळणे आम्हांस सोपे आहे, कारण आपल्या रुग्णालयात असे प्रयोग होत नाहीत. परंतु एवढेच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य ठरेल. आपल्या औषध भांडारातील बहुतेक औषधे रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणत्या ना कोणत्या प्राण्यावर तपासली गेलेली आहेत. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या भाषेत हा ताळेबंदात न दिसणारा खर्च आहे.

सर्पगंधेचे उदाहरण घेऊ. तिची मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या वापराचे निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडत. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली अशा सशांना डोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनचे मेंदूतील कार्य या मार्गाने उमगले, कंपवातावरील लेव्होडोपाची वाट मोकळी झाली, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. हेच लेव्होडोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत असते. मद्रासच्या संशोधकांनी ते १९३७ सालीच वेगळे काढले होते. मुळी आपली, बी आपले, कोडे मात्र परदेशी सशांनी सोडविले!

याच रेसर्पिनने काही रुग्णांना खिन्नता येते असे आढळले आणि पुढे त्याचा वापर मागे पडला. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करून पुडीतील चूर्ण घेणारे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतात. घरच्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्या पुडीत कोणते द्रव्य किती आहे, हे डॉक्टरांनाही कळण्यास मार्ग नसतो. कंपवाताच्या रुग्णाने गोळीबरोबर खाजकुइलीचे चूर्णही घेतले, तर मात्रा नकळत वाढते.

अलीकडे सशांच्या जोडीला मासाही आला आहे. झेब्राफिश हा गंगेच्या खोऱ्यातील, सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा पट्टेरी मासा. त्याचा गर्भ पारदर्शक असल्याने धडधडते हृदय सूक्ष्मदर्शकातून थेट दिसते. हृदयाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, असे २००२ साली अमेरिकेत दिसून आले. माणसाच्या हृदयाला हे साधत नाही. त्यावर आधारित उपचार अद्याप हाती नाही, हेही स्पष्ट सांगतो.

देणगीदारांचा आक्षेप निरर्थक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. अशाच आक्षेपांच्या रेट्याने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ चे नियम झाले, आणि २०२३ साली नव्या औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित पद्धतींनाही मान्यता मिळाली. आपली अट पावतीवर पूर्वीप्रमाणेच नोंदविली जाईल. रुग्णांच्या आप्तांना विनंती, की घरी चालू असलेल्या चूर्णाची पुडी अथवा काढ्याची बाटली पुढील तपासणीस सोबत आणावी व केसपेपरवर तिची नोंद करून घ्यावी. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही, आणि कोणी रागावणारही नाही.