चित्रात नसलेली माणसे

(अंबरनाथ येथे केलेले भाषण)



शेजारचे उल्हासनगर ज्या जागेवर वसले, तेथे दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी होती. छावणी म्हटली की शिपायामागे पाणी वाहणारा, घोड्याला खरारा करणारा, गवत कापणारा आलाच. ही माणसे आपल्यासारख्याच घरांतली. म्हणून आज आम्ही एका चित्राची हकीकत सांगतो.

हे तैलचित्र एलिझाबेथ बटलर नावाच्या इंग्रज बाईने १८७९ साली काढले. ओसाड माळ, मरायला टेकलेला घोडा, त्यावर कलंडलेला एकटा गोरा डॉक्टर. त्याचे नाव ब्रायडन. समोर जलालाबादचा किल्ला. चित्राला नाव दिले, ‘एका सैन्याचे अवशेष’.

ते सैन्य केवढे होते? जानेवारी १८४२ मध्ये काबूल सोडून निघाले तेव्हा सुमारे साडेचार हजार शिपाई. त्यांत गोरे सातशेच्या आसपास, बाकी सारे देशी. त्यांच्याबरोबर सुमारे बारा हजार नोकरचाकर, बायकापोरे. बर्फाने, भुकेने आणि अफगाणांच्या गोळ्यांनी आठवड्यात वाताहत झाली. पुढे कित्येक देशी शिपाई पाय गमावून काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत होते. तेही अवशेषच ना? मग चित्रात ते कोठे आहेत?

चित्रकर्तीवर आमचा राग नाही. घोड्याची दमछाक तिने अशी काढली आहे की बैल राखणाऱ्याचे काळीज हलावे. पण चित्र एकालाच दाखविते आणि बघणारा बाकीच्यांना विसरतो.

हे काबूलचे सैन्य बंगालकडचे होते. पण त्याच युद्धकाळात आपल्या मुंबई लष्कराची माणसेही लढली. त्या लष्करात कोकणातले, देशावरचे पुष्कळ लोक होते. त्यातल्या ‘काळी पाचवी’ पलटणीच्या शिपायांनी १८४० साली कहानचा किल्ला महिनोन् महिने लढविला. मुंबईत कुलाब्याला या युद्धातल्या मृतांचे चर्च आहे. १८५८ साली ते खुले झाले. तेथे अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर आहेत. साध्या शिपायांविषयी मात्र इतकेच कोरले आहे की ते फार होते म्हणून नावे देता येत नाहीत. गरिबाचा गुन्हा काय, तर तो फार आहे!

तेव्हा घरी जाल तेव्हा म्हाताऱ्यांना विचारा, आपल्यातला कोण पलटणीत गेला, कोण परतला नाही. नाव, गाव, साल मुलीकडून वहीत लिहवून घ्या. कर्जाची वही सावकार जपतो. माणसांची वही आपणच जपली पाहिजे.